पुरुषांच्या पँटचा फर्मा काढायचा कसा, आणि शिकवायचा कसा

शिवणकामाच्या बहुतेक वर्गांत पँट सूत्रांनी शिकवतात. सीटचा (नितंबांच्या घेराचा) चौथा भाग पुढे, चौथा भाग अधिक १ मागे, विसावा भाग फोर्क (दोन पायांमध्ये बाहेर येणारं टोक). विद्यार्थी सूत्रं वहीत उतरवून घेतो, आणि ४० सीटच्या, सरळ उभं राहणाऱ्या, पोट न सुटलेल्या माणसाला ती पँट बसतेही. पुढे दुकानात सपाट सीटचं किंवा पोट पुढे आलेलं गिऱ्हाईक येतं, आणि वहीत त्याचं उत्तर नसतं. म्हणून इथे एकाच पँटचा पूर्ण फर्मा, म्हणजे कापड कापण्याआधीचा कागदी नमुना, दिला आहे, पण प्रत्येक रेषेसोबत ती तिथे का आहे आणि चुकली तर अंगावर काय दिसतं तेही सांगितलं आहे. कारण कळलेला विद्यार्थी सूत्र विसरला तरी पुन्हा मांडू शकतो.

कोटाआधी पँट घ्यावी. पँटमध्ये मुख्य तुकडे दोनच, पुढचा आणि मागचा, आणि अंगावरची जवळजवळ सगळी भानगड पुढच्या-मागच्या आसनाच्या (कंबरेपासून जांघेपर्यंतच्या भागाच्या) वळणात असते. पुढे कोटाचा मुंढा (बाही जोडायची जागा) आणि बाही यांचं नातं समजायला याच पद्धतीने विचार करायची सवय लागते.

साहित्य

जाड खाकी कागद, एल-स्क्वेअर, २४ इंची सरळ पट्टी, कर्व्ह पट्टी, चांगली टोकदार पेन्सिल, कागदाची वेगळी कात्री. टेप वर्षानुवर्षं वापरात असेल तर तो ताणला गेलेला असतो. स्टीलच्या पट्टीशी लावून पाहा आणि २४ इंचांत एक सूताचा जरी फरक आला तरी टेप बदला. (१ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.) ट्रायलसाठी मांजरपाट लागेल. पन्हा ३६ इंच असेल तर अडीच मीटर पुरतो. तो आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. कोरा मांजरपाट आटतो आणि मग चूक फर्म्याची की कापडाची, ते कळत नाही.

मापं

फर्म्यातल्या निम्म्या चुका कागदावर येण्याआधीच झालेल्या असतात. माप घेताना खिशातला मोबाईल, पाकीट, किल्ल्या बाहेर काढायला लावा. गिऱ्हाईक आरशात किंवा टेपकडे पाहायला लागलं की खांदा झुकतो आणि बाजूची लांबी बदलते, म्हणून त्याला समोर भिंतीकडे पाहायला सांगा.

कंबर: माणूस पँट जिथे घालतो तिथे. पोट असलेले बरेच जण पँट पोटाखाली घालतात आणि विचारल्यावर बेंबीजवळ बोट ठेवतात. अंगावरच्या पँटचा बेल्ट (कंबरेची शिवलेली पट्टी) कुठे आहे ते बघून तिथेच माप घ्या. टेप जमिनीला समांतर असावा, आवळलेला नसावा.

सीट: सर्वांत भरलेल्या जागी, टेपच्या आत दोन बोटं ठेवून. बाजूने वाकून पाहा, मागे टेप वर चढला असेल तर माप कमी येतं.

बाजूची लांबी: बेल्टच्या वरच्या काठापासून बुटाच्या टाचेच्या वरच्या कडेपर्यंत. माणूस नेहमी जे पायताण घालतो ते पायात हवं.

आतली लांबी: टेपचं टोक जांघेत नेऊन धरणं दोघांनाही अवघड वाटतं, म्हणून इथे अंदाज मारला जातो आणि आसन चुकतं. एक सरळ उपाय आहे. फूटपट्टी आडवी धरून गिऱ्हाईकालाच ती दोन पायांमध्ये वर टेकवायला सांगा आणि पट्टीच्या वरच्या काठापासून खाली टाचेच्या त्याच कडेपर्यंत मोजा.

आसन: बाजूची लांबी वजा आतली लांबी. याची पडताळणी करा. माणसाला लाकडी स्टुलावर ताठ बसवा आणि बेल्टच्या वरच्या काठापासून स्टुलाच्या पाटापर्यंत बाजूने मोजा. दोन्ही आकड्यांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर दोन्ही मापं पुन्हा घ्या. गादीच्या खुर्चीवर हे माप घेऊ नका.

मांडी, गुडघा, बॉटम (पायाच्या खालच्या टोकाचा घेर): मांडीचं माप फक्त तपासण्यासाठी. गुडघा आणि बॉटम आवडीप्रमाणे ठरतात, पण बॉटम इतका अरुंद नको की टाच अडकेल.

आणि आकडे लिहून झाल्यावर दोन ओळी शब्दांत लिहा: सीट सपाट, मध्यम की भरलेली, पोट, पाय सरळ की धनुष्यासारखे, कमरेची कुठली बाजू खाली. टेप हे सांगत नाही. ४० सीट दोन माणसांची असते, एकाची सगळी मागे आणि दुसऱ्याची सगळी कमरेच्या बाजूंना, आणि त्या दोघांची पँट एक नसते.

खालच्या फर्म्यासाठी ही मापं धरली आहेत: कंबर ३४, सीट ४०, बाजूची लांबी ४१, आतली लांबी ३०½, गुडघा १९, बॉटम १६, बेल्टची रुंदी १½. म्हणजे आसन १०½, आणि बेल्ट वजा जाता ९. सगळं इंचात. प्लेट (समोर कंबरेशी घातलेली घडी) नसलेली, सरळ पँट. रेषा शिवणीच्या आहेत, मार्जिन (शिवणीबाहेर सोडायचं जादा कापड) नंतर.

पुढचा भाग

कागदाच्या उजव्या काठापासून ४ इंच सोडून उभी रेषा काढा, कारण मागचा भाग याच रेषेच्या बाहेर जाणार आहे. तिच्या वरच्या टोकाला क. हा बेल्ट जिथे जोडला जातो तो बिंदू.

क पासून खाली ९ वर ख. हे आसन. ख पासून वर ३ (आसनाचा तिसरा भाग) वर ग, ही सीटची रेषा. ख पासून खाली ३०½ वर च, हा बॉटम. गुडघ्यासाठी आतल्या लांबीचा अर्धा, वजा २: म्हणजे ख पासून खाली १३¼ वर घ. खरा गुडघा या रेषेच्या थोडा खाली असतो, तरी रेषा वर घेतात. त्यामुळे मांडीपासून गुडघ्यापर्यंतचा उतार लवकर संपतो आणि खालचा पाय सरळ पडतो. क, ख, ग, घ, च या पाचही ठिकाणांहून डावीकडे आडव्या रेषा काढा.

आसनाच्या रेषेवर ख पासून डावीकडे सीटचा चौथा भाग, १० वर छ. छ पासून सरळ वर उभी रेषा. ती सीटच्या रेषेला ज मध्ये आणि वरच्या रेषेला झ मध्ये मिळते. छ च्या पुढे डावीकडे सीटचा विसावा भाग, २ वर ट. हा पुढचा फोर्क.

फोर्क म्हणजे शरीराची जाडी, समोरून मागपर्यंतची. सीटचा टेप घेर सांगतो, जाडी सांगत नाही. विसावा भाग हा अंदाज आहे, आणि साधारण ३४ ते ४२ सीटपर्यंत तो बरा चालतो. ४४ च्या पुढे घेर जाडीपेक्षा रुंदीने आणि पोटाने वाढलेला असतो. तिथे सूत्राप्रमाणे गेलात तर फोर्क फार लांब होतो आणि पायांमध्ये कापड लोंबतं. मोठ्या मापांना पुढचा फोर्क २¼ च्या पुढे सहसा नेऊ नये.

ख ते ट हे अंतर १२. त्याच्या मध्यावर, ख पासून ६ वर, वरपासून खालपर्यंत उभी रेषा काढा. ही क्रीज, म्हणजे इस्त्रीची उभी घडी. कापडाचा उभा दोरा याच रेषेत असतो, आणि पुढचं सगळं तिच्यावर मोजायचं.

गुडघ्याला पुढचा भाग निम्म्यापेक्षा ½ कमी: १९ चा अर्धा ९½, वजा ½, म्हणजे ९. क्रीजच्या दोन्हीकडे ४½. बॉटमला ८ वजा ½, म्हणजे ७½. दोन्हीकडे ३¾. मागच्या भागाला हेच अर्धा अर्धा इंच जास्त मिळणार आहे, त्यामुळे बाजूची शिवण किंचित पुढे येते आणि समोरून पाय सडसडीत दिसतो.

झ पासून उजवीकडे ½ आत ठ. ठ पासून कंबरेचा चौथा भाग अधिक ¼, म्हणजे ८¾ वर ड. ड हा क पासून ¾ आत येतो. आता जोडणी: ड पासून ग पर्यंत हलका फुगीर कर्व्ह, ग पासून ख पर्यंत जवळजवळ सरळ, तिथून गुडघा, तिथून बॉटम. आतून ट पासून गुडघ्यापर्यंत किंचित आत दबलेला कर्व्ह, पुढे सरळ.

पुढचं वळण: छ च्या कोपऱ्यातून तिरकं, ४५ अंशात, १ इंच बाहेर खूण करा. ट पासून त्या खुणेतून ज पर्यंत वळण काढा आणि ज पासून ठ पर्यंत सरळ. वळण कोपऱ्याला फार चिकटलं तर फोर्कपाशी कापड साचतं, फार उथळ राहिलं तर ताण पडून जांघेपासून बाजूंकडे जाणाऱ्या रेघा दिसतात.

मागचा भाग

मागचा भाग पुढच्यावरच काढायचा. वेगळ्या कागदावर काढला तर दोन्हींतलं नातं विद्यार्थ्याला कधीच दिसत नाही.

छ पासून उजवीकडे ½ आत प. झ पासून उजवीकडे २ आत फ. प आणि फ जोडा आणि रेषा वर १½ वाढवा, तिथे ब. ही मागच्या शिवणीची तिरकी रेषा. पँटचं खरं काम हिच्यावर आहे, म्हणून इथे थांबायला हवं.

माणूस उभा असतो तेव्हा मागची शिवण जेवढी लागते त्यापेक्षा बसल्यावर कितीतरी जास्त लागते. स्टुलावर बसलं तर जास्त, जमिनीवर मांडी घालून बसलं तर आणखी जास्त. ही जादा लांबी द्यायचे मार्ग दोन: रेषा वर वाढवणं आणि रेषा तिरकी करणं. नुसती वर वाढवली तर उभं राहिल्यावर सीटखाली कापडाची झोळी होते. तिरकी केली की शिवण कापडाच्या तिरप्या दोऱ्याच्या दिशेने सरकते, थोडी ताणते, आणि कंबर आपोआप मागे वर जाते. इथे ९ इंचांत १½ इंचाचा तिरकसपणा आहे, म्हणजे ६ ला १. मध्यम सीटच्या, ऑफिसला जाणाऱ्या माणसासाठी हे ठीक आहे.

सपाट सीट असेल तर फ हा २ ऐवजी १½ आत घ्या आणि रेषा वर १½ ऐवजी १ वाढवा. भरलेली सीट असेल तर २½ आत आणि १¾ ते २ वर. तिरकसपणा आणि उंची एकत्रच बदलायची असते. एकच बदलली की कंबरेची रेषा शिवणीशी काटकोनात राहत नाही आणि मागे बेल्टला टोक किंवा खळगा येतो.

तिरकी रेषा सीटच्या रेषेला ज पासून १ इंच आत छेदते. तिथून उजवीकडे सीटचा चौथा भाग अधिक १, म्हणजे ११ मोजा. भ बिंदू ग च्या २ इंच बाहेर येतो. पुढे १० आणि मागे ११, दोन्ही पायांचे मिळून ४२. म्हणजे सीटला २ इंचांची सैल. लायक्रा असलेलं कापड असेल तर मागे १ ऐवजी ½ पुरे. त्याहून सैल कमी करू नका, खिसे उघडे पडतात.

ब पासून कंबरेचा चौथा भाग अधिक टकासाठी (कंबरेला शिवून मिटवायची त्रिकोणी चुणी) ¾, म्हणजे ९¼ मोजा आणि वरच्या आडव्या रेषेच्या वाढवलेल्या भागावर म टेकवा. तो क पासून साधारण १⅜ बाहेर येईल. आता ब मध्ये एल-स्क्वेअर लावा. शिवण आणि कंबर यांत काटकोन यायला हवा. या मापांना तो येतो. दुसऱ्या मापांना थोडा हलला तर चालेल, पण डोळ्यांना दिसेल इतका नको.

ट पासून डावीकडे १¾ वर य, आणि य पासून ½ खाली र. हा मागचा फोर्क. खाली का उतरवायचा? मागचा फोर्क बाहेर गेल्याने मागची आतली शिवण पुढच्यापेक्षा लांब होते. ½ उतरवल्यावर ती पुढच्यापेक्षा दोन सूत आखूड राहते आणि वरच्या भागात इस्त्रीने ताणून पुढच्याशी जुळवतात. त्याने सीटखालचं कापड आत ओढलं जातं. लोकर हे सहन करते. टेरीकॉट आणि पॉलिस्टरमिश्रित कापड ताणत नाही, त्याला ¼ च उतरवा, दोन्ही शिवणी सारख्या येतात.

मागच्या वळणासाठी प च्या कोपऱ्यातून तिरकं १½ वर खूण करा. र पासून त्या खुणेतून तिरक्या रेषेला सीटच्या रेषेजवळ मिळा. गुडघ्याला क्रीजच्या दोन्हीकडे ५, बॉटमला ४¼. बाजूने म, भ, गुडघा, बॉटम असा एकसंध कर्व्ह.

टक कंबरेच्या मध्यावर, ¾ रुंद, ३½ लांब, कंबरेच्या रेषेशी काटकोनात. मागचा खिसा कंबरेपासून ३ इंच खाली घेतला तर टकाचं टोक खिशाच्या ½ खाली लपतं.

कागद कापण्याआधी तपासणी

पुढची आणि मागची बाजूची शिवण टेप उभा धरून मोजा. आडव्या टेपने वळण बरोबर मोजता येत नाही. मागची एक-दोन सूत जास्त येते, तेवढी म पाशी कमी करा. आतल्या शिवणी गुडघ्यापासून खाली सारख्याच हव्यात. दोन्ही फोर्क टोकाला टोक लावून ठेवा, खालचं वळण घोड्याच्या नालेसारखं अखंड दिसलं पाहिजे. तिथे टोक किंवा दरी दिसली तर आताच गोल करा. कंबर टक मिटवून मोजा: दोन्ही मिळून १७¼, म्हणजे पूर्ण ३४½. मांडी आसनाच्या २ इंच खाली मोजा, माणसाच्या मांडीपेक्षा किमान २ इंच जास्त हवी.

नंतर मागचा भाग दुसऱ्या कागदावर उतरवून घ्या आणि मार्जिन द्या: बाजूला आणि आतून ½, मागच्या आतल्या शिवणीला ¾, पुढच्या वळणाला ३ सूत, कंबरेला ½, बॉटमला २½. मागच्या मधल्या शिवणीला वर १½ आणि फोर्कपाशी ½ होत जाणारं मार्जिन ठेवा. वजन वाढलं की पँट तिथेच सैल करतात. हे मार्जिन वाचवणं म्हणजे गिऱ्हाईकाची पँट दोन वर्षांत फुकट घालवणं. गुडघ्याला, सीटला आणि खिशाच्या जागी खाचा मारायला विसरू नका. खाचा नसल्या की शिवणारा एक बाजू ओढून जुळवतो आणि पाय पिळतो.

५८ इंच पन्ह्याचं कापड या मापाला सव्वा मीटर लागतं, एक भाग वर तोंड करून आणि एक खाली तोंड करून बसवल्यास. कॉर्डरॉय किंवा लव असलेल्या कापडाला असं उलटसुलट चालत नाही, सगळे तुकडे एका दिशेने ठेवावे लागतात आणि कापड जास्त लागतं.

प्लेट हवी असेल तर पुढचा फर्मा क्रीजवर कंबरेपासून गुडघ्यापर्यंत कापा, वर १¼ उघडा, गुडघ्याला शून्य. सीटलाही आपोआप सैल मिळते. वरच्या वर १¼ जोडून दिलेली प्लेट उभं राहताच फाकते.

पोट असलेल्या माणसासाठी

कंबर सीटच्या जवळ आली, समजा सीट ४२ आणि कंबर ४१, की ठ चा ½ आत घेणं बंद करा. उलट समोरची रेषा वर ¼ ते ½ बाहेर झुकवा आणि तिथे कंबर ¼ ते ½ उंच करा. पोटावरून जाणाऱ्या कापडाला जास्त लांबी लागते. ती दिली नाही तर बेल्ट समोर खाली ओढला जातो आणि बॉटम पुढे उचलला जातो. मागचा टक काढून टाका किंवा ३ सूतांवर आणा. पोट असलेल्यांची सीट बहुधा सपाट असते, त्यामुळे मागचा तिरकसपणाही कमी. मागे जास्त आणि पुढे कमी असा नेहमीचा फर्मा या माणसाला दिला की सीटखाली झोळी आणि समोर ताण, दोन्ही एकदम दिसतं.

ट्रायल: काय दिसतं आणि कुठली रेषा बदलायची

मांजरपाटाची पँट मोठ्या टाक्यांनी शिवा, मशीनवर ५ ते ६ टाके इंचाला. बेल्टची पट्टी लावलीच पाहिजे, नाहीतर कंबर खाली सरकते आणि सगळ्या चुण्या खोट्या दिसतात. क्रीज इस्त्रीने बसवा. एका वेळी एकच गोष्ट टाचणीने बदला, मग पुन्हा सगळीकडून बघा.

सीटखाली आडव्या, वाडग्यासारख्या घड्या: मागची शिवण जास्त लांब. मागचा बेल्ट उचलून धरा, घड्या गेल्या तर ब खाली आणा आणि तिरकसपणा कमी करा. फोर्क कमी करू नका, तो चुकीचा इलाज आहे आणि सर्रास केला जातो.

बसल्यावर मागे कंबर खाली ओढली जाते, शर्ट बाहेर येतो: मागची शिवण आखूड. ब वर, फ आणखी आत. तिरकसपणा पुरेसा असूनही हे होत असेल तर मागचा फोर्क २ सूत वाढवा.

समोर फोर्कपासून बाजूंकडे पसरणाऱ्या मिशांसारख्या रेघा: फोर्क आखूड, किंवा मांडी तंग, किंवा वळण उथळ. मांडी चिमटीत धरून सैल आहे का ते आधी पाहा. सैल असेल तरच फोर्क वाढवा.

फोर्कखाली उभ्या, लोंबत्या घड्या: फोर्क लांब किंवा आसन खाली. बेल्ट सगळीकडून सारखा वर उचला. पँट सुधारली तर आसन कमी करा, नाही सुधारली तर फोर्क.

क्रीज बाहेर किंवा आत पळते: आधी कापडाचा दोरा तपासा, मग गुडघ्याच्या खाचा. दोन्ही बरोबर असतील तर पायांची ठेवण कारण आहे. धनुष्यासारख्या पायांना गुडघ्याखालचा फर्मा क्रीजसकट ¼ ते ½ आत सरकवावा लागतो.

खिसे उघडे पडतात: सीटला जागा कमी, किंवा बाजूचा कर्व्ह माणसापेक्षा सपाट. खिसा वरून टीप मारून बंद करणं म्हणजे चूक झाकणं.

उभं राहून तपासून झालं की माणसाला खुर्चीवर, मग जमिनीवर मांडी घालून बसवा, मग जिना चढायला लावा. आरशासमोर उत्तम दिसणारी आणि जेवायला बसल्यावर मागे उसवणारी पँट फर्म्यातच चुकलेली असते.

शिकवणाऱ्यांसाठी

फळ्यावर फर्मा काढून दाखवणं आणि विद्यार्थ्यांनी तो उतरवणं, यात हात शिकतो, डोकं नाही. सुरुवात जुन्या पँटने करा. प्रत्येकाने घरून एक टाकाऊ पँट आणायची, शिवणी उसवायच्या, इस्त्री करून कागदावर ठेवायची आणि भोवती पेन्सिल फिरवायची. मागची शिवण तिरकी असते, फोर्क पुढे लहान आणि मागे मोठा असतो, हे त्यांना तुम्ही सांगण्याआधी दिसतं. सूत्र त्यानंतर दिलं की ते आकड्यांचं राहत नाही.

मापांना किमान तीन तास द्या. तीन विद्यार्थ्यांनी एकाच माणसाची मापं एकमेकांना न दाखवता घ्यायची, मग फळ्यावर शेजारी शेजारी लिहायची. सीटमध्ये ½ इंचाच्या वर फरक आला की टेप कुठे ठेवला होता ते प्रत्येकाने दाखवायचं. हा अभ्यास कंटाळवाणा वाटतो, पण यातून येणारी शिस्त इतर कशातून येत नाही.

नंतर वहीत पाव मापात फर्मा, म्हणजे १ इंचाला ¼ इंच. तीन वेगवेगळ्या मापांचा. पूर्ण मापाचा कागद त्यानंतर. सगळ्यांनी एकाच मापाचे फर्मे काढले की दोन-दोन कागद खिडकीच्या काचेवर क्रीजला क्रीज लावून धरा. फरक कुठे आहे ते लगेच दिसतं, आणि बहुतेकदा तो वळणात असतो, आकड्यात नाही.

एक पाठ मुद्दाम चुकीच्या फर्म्याचा ठेवा. एकाच माणसासाठी मांजरपाटाच्या तीन पँटी: एक शून्य तिरकस, एक ६ ला १, एक ४ ला १. तो माणूस तिन्ही घालून उभा राहील, बसेल, वाकेल. पहिलीत मागे कंबर उतरते, तिसरीत सीटखाली झोळी येते. वर्गातल्या प्रत्येकाने घडी कुठे आहे ते खडूने कापडावर मारायचं आणि कुठली रेषा बदलेल ते शब्दांत लिहायचं. कापडाचा खर्च जास्त वाटत असेल तर कंबरेपासून गुडघ्यापर्यंतच्याच पँटी शिवा, शिकायचं ते सगळं गुडघ्याच्या वर आहे.

सूत्र विचारू नका, कारण विचारा. "मागचा फोर्क अर्धा इंच खाली का?" याला "सर, तसंच असतं" असं उत्तर आलं तर पाठ अजून झालेला नाही.

मापं लहान-मोठी करायला शिकवताना एक गोष्ट ठसवा: सगळं सारखं वाढत नाही. ४० वरून ४२ सीटला पुढे-मागे प्रत्येकी ½ वाढतो, फोर्क जेमतेम एक सूत, आसन साधारण ¼. लांबी वाढेलच असं नाही, गुडघा आणि बॉटम थोडेच. फर्मा सगळीकडून सारखा फुगवला की मोठ्या मापाच्या माणसाला पायात गोणपाट घातल्यासारखं वाटतं.

शेवटची परीक्षा वर्गाबाहेरच्या माणसाची घ्या, ज्याचं अंग सूत्रात बसत नाही. विद्यार्थ्याने मापं घ्यायची, शरीराची दोन ओळींत नोंद करायची, फर्मा काढायचा, मांजरपाट शिवायचा आणि ट्रायलमधली प्रत्येक दुरुस्ती लाल पेन्सिलीने मूळ कागदावर उतरवायची. गुण त्या लाल रेषांना द्या. पहिल्या फर्म्यात एकही दुरुस्ती नाही असं झालं तर ट्रायल नीट पाहिली गेली नाही असं समजा.

दुरुस्त झालेला फर्मा जाड कार्डावर उतरवा आणि त्यावर नाव, तारीख, सहा मापं, कापडाचा प्रकार, मार्जिन धरलेलं आहे की नाही आणि उभ्या दोऱ्याचा बाण लिहा. फर्मा घडी घालून ठेवू नका, भोक पाडून खिळ्याला टांगा. पुढच्या वेळी तोच माणूस आला तरी कंबर आणि सीट नव्याने मोजा. दोन्हींपैकी एकात जरी १ इंचाचा फरक असेल तर नुसतं मार्जिन सोडून भागवू नका, मागची तिरकी रेषा पुन्हा काढा.